बोली, रंगभूमी आणि पडदा : चिनी चित्रपटांपासून एक धडा

'चिनी चित्रपट' म्हटले की आपल्या केशोरीच्या परिसरात हाणामारीच डोळ्यांपुढे येते. परंतु या चित्रपटांचा इतिहास वाचताना मला झाडीपट्टीच्या रंगभूमीची वारंवार आठवण झाली. म्हणून हा लेखनप्रपंच.

चीनमधील पहिला चित्रपट १९०५ साली पेकिंगला तयार झाला, असे मानतात. तान शिनपेई या नामवंत नटाच्या संगीत नाटकातील प्रवेशांचे ते चित्रण होते. म्हणजे पडदा रंगभूमीच्याच कुशीत जन्मला. आपल्याकडेही १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंके या पुरुषाने रंगविली. ती रीत नाटकाचीच होती.

१९३१ साली आपला 'आलम आरा' आला, त्याच वर्षी शांघायमध्येही पहिला चिनी बोलपट निघाला आणि प्रश्न उभा राहिला : पात्रांनी बोलायचे कोणत्या भाषेत? चिनी लिपी एक, पण मँडरिन आणि कँटनी बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठी व हिंदी असा दोन्ही भाषांत काढून हाच पेच सोडविला होता. पुढे युद्ध व यादवी यांमुळे शांघायचे अनेक कलावंत हाँगकाँगला आले आणि तेथे मँडरिन व कँटनी चित्रपट शेजारी शेजारी नांदू लागले.

ही देवघेव दूरवर पोहोचली. शॉ बंधूंनी सिंगापुरात मलय चित्रपटांसाठी भारतीय दिग्दर्शक बोलावले. फणी मजुमदार यांचा 'हांग तुआ' (१९५६) त्यांपैकीच होय. इकडे व्ही. शांताराम यांनी सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची चीनमधील सेवा १९४६ साली पडद्यावर आणली, तर १९५५ मध्ये 'आवारा' चीनमध्ये दाखविला गेला.

मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कँटनी बोलीची कथा. मोठ्या कंपन्यांचे भांडवल मँडरिनकडे वळले आणि १९७२ च्या सुमारास कँटनी चित्रपट जवळजवळ बंद पडले. हाँगकाँगची बहुसंख्य जनता घरी बोले कँटनी, पण पडद्यावर ऐके मँडरिन! अशा वेळी १९७३ साली '७२ बिऱ्हाडांचे घर' हा कँटनी विनोदी चित्रपट आला. नाटक मूळचे शांघायचे. विषय भाडेकरूंच्या हालअपेष्टांचा, आपल्या 'बटाट्याची चाळ'च्या जातकुळीचा. लोकांनी आपली बोली ऐकली आणि चित्रपटगृहे भरली. नऊच वर्षांनी ॲन हुई यांनी 'बोट पीपल' (१९८२) मध्ये व्हिएतनामी जनतेच्या यातना त्याच बोलीत मांडल्या. विनोदाच्या दाराने परत आलेली बोली गंभीर आशयही पेलू शकली.

दिवाळीनंतरच्या मंडईत मी पाहिलेल्या नाटकांत राजा, नायक, न्यायाधीश प्रमाण मराठी बोलतात; झाडीबोली येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. हसे पिकते, टाळ्या पडतात. पण आपली आई ज्या बोलीत रडते, त्या बोलीत नायिकेने का रडू नये? कथा बाहेरून घ्यावी, तंत्रही घ्यावे. त्यात कमीपणा नाही. हाँगकाँगने शांघायचे नाटक घेतले, परंतु ते वदविले स्वतःच्या बोलीत. वडसा-देसाईगंजच्या रंगमंचावरून उद्या कोणी पडद्याकडे वळला, तर त्याने एवढे ध्यानी ठेवावे, असे मला मनापासून वाटते.