समाजमाध्यमे आणि वैद्यव्यवसाय : रुग्णसंपर्काची साधने व मर्यादा



चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी रुग्णाचेही चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. सांगितलेले लक्षात ठेवणे, त्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपली लक्षणे नीट सांगणे, असा त्यांचा आशय. व्हॉट्सअॅप, फेसबुक किंवा ब्लॉग म्हणजे अनुदिनी यांचा विचार केवळ जाहिरातीच्या अंगाने न करता या चार गुणांच्या अंगाने केला, तर त्यांचा खरा उपयोग ध्यानी येतो.

आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील खेड्यातून वर्ध्यास आलेला रुग्ण घरी पोहोचेपर्यंत औषधाची वेळ, अनुपान आणि पथ्य यांपैकी काहीतरी विसरतोच. त्याच सायंकाळी पाठविलेला चार ओळींचा संदेश त्याच्या स्मृतीस आधार देतो. आठ दिवसांनी भूक, झोप व मलप्रवृत्ती यांची चौकशी केल्यास ज्ञापकत्व वाढते आणि नवी तक्रार उद्भवल्यास तो मनानेच औषध बंद न करता प्रथम वैद्याला विचारतो.

येथे एक तांत्रिक भेद जाणून घ्यावा. व्हॉट्सअॅपच्या समूहात सदस्यांना परस्परांचे दूरध्वनी क्रमांक दिसतात. त्वचाविकाराच्या किंवा वंध्यत्वाच्या रुग्णांचा समूह करणे म्हणजे त्यांचे गुपित फोडणेच होय. त्याऐवजी प्रसारण यादी वापरावी. तीतील संदेश प्रत्येकास स्वतंत्रपणे मिळतो; मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच तो पोहोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच रुग्णाची संमती घेऊन क्रमांक जतन करण्यास सांगावे.

अनुदिनीसाठी ऋतुचर्येसारखा विषय नाही. मे महिन्यात आपल्या जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांतील आहारविहारावरील लेख वाचकांस तत्काळ उपयोगी पडतो. औषधी विक्रेत्यांनी द्रव्यपरिचय लिहावा. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडील हळद कोठून आली, अस्सल कशी ओळखावी, कशी साठवावी, हे सांगितल्याने ग्राहकाचा विश्वास बसतो.

परंतु हीच हळद मधुमेह मुळापासून बरा करते, असे लिहिले की कायद्याची मर्यादा ओलांडली जाते. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, स्थूलता, पक्षाघात, रक्तदाब आदी विकार नमूद असून ते बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. जाहिरातीच्या व्याख्येत परिपत्रक व वेष्टनच नव्हे, तर प्रकाश वा ध्वनी यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील संदेश यातून सुटतो, असे कोणी समजू नये.

कायद्यापेक्षाही रुग्णाचा प्रश्न मोठा आहे. एकदा सोडलेला संदेश पुढे कोणाकडे जाईल, हे आपल्या हाती नसते. आपण कधी न पाहिलेला एखादा मधुमेही तो वाचून इन्सुलिन बंद करील, तर त्याच्या प्राणांवर बेतेल. तीच सावधगिरी वत्सनाभ, भल्लातक, कुपीलू यांसारखी विषारी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांबाबत हवी. त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. मग सर्वांना पाठवावयाच्या वस्तुसूचीत त्यांची मात्रा देणे कसे योग्य ठरेल?

ध्यानात ठेवावयाचे मुद्दे :

१. सार्वजनिक लेखनात स्वस्थवृत्त, ऋतुचर्या व द्रव्यपरिचय असावा. व्यक्तिगत चिकित्सा नसावी.

२. रुग्णाचे छायाचित्र, नाव वा अहवाल लेखी संमतीवाचून प्रसिद्ध करू नये.

३. उत्तर देण्याची वेळ ठरवून कळवावी. तातडीच्या लक्षणांत संदेशाची वाट न पाहता रुग्णालयात जाण्यास स्पष्टपणे सांगावे.

४. जे वाक्य समोर बसलेल्या रुग्णास तपासल्यावाचून आपण सांगणार नाही, ते शेकडो अपरिचितांस पाठवू नये.