मनाचा घाव : पोरांना मार नको, उपचार हवा

घरात मारहाण झाली, वस्तीत दंगल झाली, झोपडी पाडली गेली, कॉलेजात जातीवरून अपमान झाला. अंगावरची जखम दिसते, तिला मलमपट्टी होते. मनाचा घाव दिसत नाही, म्हणून घरात तो ‘नखरा’ ठरतो. वस्त्यांत फिरताना आम्ही हेच पाहतो. पोरगं आजारी असतं आणि वरून त्यालाच मार बसतो.

लक्षणं ओळखा : झोप लागत नाही, फटाका वाजला तरी दचकतो, घडलेलं डोळ्यांसमोर येत राहतं, ती गल्ली टाळतो, सारखी चिडचिड, डोकं किंवा पोट दुखणं. लहान मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं. मोठा मुलगा नशेकडे वळतो. सुरुवातीचे काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. आधार मिळाला की बऱ्याच जणांचं कमी होतं. महिना उलटूनही राहिलं, किंवा शाळा-काम सुटलं, तर उपचार हवाच. हे वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही.

समुपदेशनात काय होतं? आधी मूल आज सुरक्षित आहे का, ते पाहतात. मग घाबरल्यावर मन शांत कसं करायचं ते शिकवतात : चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घेणं. घडलेल्या गोष्टीवर बोलणं त्यानंतर, मुलाच्या गतीने. म्हणून घरीही ‘सांग, काय झालं?’ असा तगादा लावू नका. ‘तुला वाटेल तेव्हा बोल, आम्ही आहोत,’ एवढं पुरतं.

भांडण घरातलंच असेल, तर सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात; जुनी उणीदुणी काढायची नाहीत. पण घरात अजून मारहाण चालू असेल, तर मारणाऱ्यासमोर बसवून बोलतं करणं धोक्याचं असतं. तिथे आधी सुरक्षितता. बाईसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

मूल ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर स्पष्ट विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. फिनेल, उंदराचं औषध, गोळ्या हाताशी ठेवू नका. कुणी प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका, लगेच दवाखान्यात न्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरतात, त्याला शिक्षा करण्यासाठी नव्हे तर उपचार देण्यासाठी सरकार बांधील आहे. सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा याच कायद्याने दिलेला हक्क आहे.

सुरुवात कुठून करायची? टेलिमानस, नंबर १४४१६. २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

आणि आई-बापांनो, आजपासून एक करा. दिवसातली दहा मिनिटं टीव्ही-मोबाईल बंद ठेवून पोराजवळ बसा. उपदेश नको, फक्त ऐका.