नांदे : शीव, पाणी आणि नोंद

नांदे हे नाव सांगितले की बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, ‘म्हणजे नांदेड का?’ मराठवाड्यातील नांदेड वेगळे, सिंहगड रस्त्यावरचे नांदेड वेगळे, त्याच बाजूची नांदोशी वेगळी आणि मुळशी तालुक्यातील आपले नांदे वेगळे. मुलाला वसतिगृहात सोडायला येताना खडकवासल्याच्या दिशेने जाऊन परत फिरलेले पालक मी पाहिले आहेत. त्यांना मी चहा देतो आणि सांगतो की, गाव लहान असले की त्याला स्वतःची ओळख पुन्हापुन्हा सांगावी लागते.

दरवर्षी नववीच्या वर्गाला मी परिसर-अभ्यासाचा एक पाठ देतो. विषय हाच : आपण ज्या गावच्या शिवारात राहतो त्याचा इतिहास, भूगोल, हवामान आणि लोकसंख्या. मुले चार मथळे पाडतात आणि प्रत्येकाखाली पाठ्यपुस्तकी भाषेत चार ओळी लिहून आणतात. वही परत देताना मी प्रत्येक मथळ्यापुढे एकच प्रश्न लिहितो : ‘यात कोणाची नोंद झाली आणि कोणाची राहिली?’ या स्मरणिकेच्या निमित्ताने तोच पाठ माजी विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर ठेवत आहे.

भूगोल थोडक्यात सांगता येतो. नांदे पुणे शहराच्या पश्चिमेला आहे. सूस आणि म्हाळुंगे ही त्याच्या शेजारची गावे. चांदे तर इतके लगतचे की लोक ‘नांदे-चांदे’ असा जोडशब्दच वापरतात. लवळे जवळ आहे आणि त्या बाजूच्या टेकड्यांवर आता विद्यापीठांच्या इमारती दिसतात. माण आणि हिंजवडी, म्हणजे संगणक उद्योगाची नगरी, हाकेच्या अंतरावर. तालुक्याचे नाव मुळशी असले तरी तालुक्याचे ठिकाण पौड आहे, हे नव्या रहिवाशांना बहुधा पहिला दाखला काढायची वेळ आली की कळते. जमीन सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्ट खडकाची, वर मुरूम आणि तांबूस माती, सखल भागात भातखाचरे.

पाण्याचा विषय मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. या परिसराची नदी मुळा. सह्याद्रीत उगम पावून ती पौड खोऱ्यातून या भागात येते, पुढे म्हाळुंगे, बालेवाडी, वाकड, औंध असे करत जाते, दापोडीला पवनेला आणि पुण्यात संगमावर मुठेला भेटते. मुळा-मुठा होऊन ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. परंतु याच नदीवर वरच्या अंगाला, मुळशीला, टाटांचे धरण आहे. त्यात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले जाते आणि कुंडलिकेतून अरबी समुद्रात जाते. एकाच नदीचे पाणी दोन समुद्रांना मिळते. ही करामत निसर्गाची नव्हे, माणसाची आहे.

त्या करामतीची किंमत मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी मोजली. १९२१ साली रामनवमीला सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह आणि त्यातून ‘सेनापती’ झालेले पांडुरंग महादेव बापट यांचे नाव मुलांना माहीत असते. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. मी त्यांना एक जोडप्रश्न देतो. जमिनीचा मोबदला ठरतो तो कागदावरच्या नावावरून. मग ज्या कुटुंबाच्या नावावर जमीनच नव्हती, जे बलुत्यावर आणि मजुरीवर जगत होते, त्यांचे गाव पाण्याखाली गेले तेव्हा त्यांचे काय बुडाले आणि ते कोणत्या वहीत लिहिले गेले? या प्रश्नावर वर्गात शांतता पसरते. मला ती शांतता महत्त्वाची वाटते.

धरणाचे काम पूर्ण होऊन भिऱ्याला वीज सुरू झाली ते वर्ष १९२७. त्याच वर्षी, २० मार्चला, घाटाच्या पलीकडे महाडला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पौडवरून ताम्हिणी घाट उतरून माणगावला गेले की पुढे महाडच लागते. आपल्या भागातील अनुयायी क्रांतिदिनाला आजही याच रस्त्याने जातात. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. इतिहासाच्या शिक्षकाने जुळणाऱ्या तारखांच्या मोहात पडू नये, हे मला माझ्या गुरुजींनी बजावले होते. पण सह्याद्रीच्या एका अंगाला पाण्यावर उद्योगाचा हक्क कायम होत असताना दुसऱ्या अंगाला माणसांना तळ्यातले पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता, हे एका पानावर मांडून पाहण्यासारखे आहे.

हवामानाचे कोडे याच रस्त्यावर सुटते. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो, ताम्हिणीच्या माथ्यावर तोच पाच हजारांच्या पुढे जातो. दोन्हींतले अंतर जेमतेम साठ किलोमीटरचे. सह्याद्रीची भिंत अरबी समुद्रावरून येणारे ढग अडवते, माथ्यावर रिते करते आणि पूर्वेला उरलेसुरले सोडते. नांदे या उतरंडीच्या शहराकडच्या टोकाला आहे. म्हणून इथला पाऊस शहरापेक्षा जरा हात सैल सोडतो, पण घाटमाथ्याचा कहर इथे नसतो. उन्हाळा तापतो, तरी संध्याकाळी वारा सुटतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीकाठी धुके असते आणि वसतिगृहातील मुले बादलीभर गरम पाण्यासाठी रांगेत भांडतात. राब भाजणे, तरवा टाकणे आणि लावणी हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी अजून आहेत. आंबेमोहर पिकवणाऱ्या या मावळपट्ट्यात आता इंद्रायणी अधिक दिसतो. हे वाण जवळच्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडले.

खाचर म्हणजे भाताचे शेत एवढेच नव्हे, ते पाणी धरून ठेवणारे ताटही असते. ताट काढून जागी काँक्रीट आले की पाणी ओढ्याकडे धावते. मुळशी धरण भरल्यावर विसर्ग सुरू झाला की मुळेकाठच्या वस्त्यांना सावधगिरीचे इशारे द्यावे लागतात. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द आज फ्लॅट घेणाऱ्याने सातबाऱ्याइतकेच नीट समजून घ्यावेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

आता इतिहास. गावाचा इतिहास म्हटला की पाटील, देशमुख, गढी आणि देऊळ एवढ्यावर लेखणी थांबते. आपल्या परिसराचा लिखित इतिहास याहून बराच जुना आहे. भाजे, बेडसे आणि कार्ले ही लेणी शेजारच्या मावळात आहेत. भाज्याचे लेणे इसवी सनापूर्वीचे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्या दात्यांत यवनही आहेत. दान देणाऱ्याचे नाव आणि गाव दगडावर कोरण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण त्यानंतरच्या कित्येक शतकांत कष्ट करणाऱ्यांची नावे कुणी कागदावरही घेतली नाहीत.

तरीही गाव ज्यांच्यावाचून गाव ठरत नव्हते अशी एक गोष्ट होती : शीव. कुठे एका गावची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, हे महार सांगत असे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष निर्णायक मानत. तो शपथ घेऊन शीव चालून दाखवी आणि त्या पावलांवर निवाडा होई. माझी आजी निरक्षर होती, पण आमच्या गावच्या शिवेवरचा प्रत्येक दगड, प्रत्येक आपट्याचे झाड तिला पाठ होते. ज्याला गावात घर बांधायला शिवेजवळची जागा दिली, त्याच्याच पावलांवर गावाची हद्द उभी होती. या विसंगतीला आपल्या ग्रामव्यवस्थेत ‘वतन’ असे भारदस्त नाव होते.

महारकीच्या वतनाला तुटपुंजी जमीन जोडलेली असे. हाडकी, हाडोळा ही तिची नावे जुन्या माणसांना आठवतील. त्या जमिनीच्या मोबदल्यात सरकार आणि गाव यांची रात्रंदिवस चाकरी. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही वेठ कायद्यात बसवली. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’त या वतनावर लिहिले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलनाचा कायदा झाला तो १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. चाकरी संपली, जमीन सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरून ती वतनदाराला परत मिळण्याची सोय झाली. परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, अशी अट तिच्यावर राहिली.

हे सगळे एका उपनगराच्या लेखात कशासाठी, असे कुणी विचारील. याचे कारण असे की, पुण्याभोवतालच्या गावांत जमिनीचे मोल गुंठ्यावर आले आहे. ३१ मार्च २०१५ रोजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत गेली. त्यांत सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक होती, म्हणजे शहराची वेस आपल्या उंबऱ्याला येऊन टेकली. नांदे हे लिहीपर्यंत ग्रामपंचायतच आहे. माणपासून शिवाजीनगरपर्यंतचा तेवीस किलोमीटरचा मेट्रोमार्गही दूर नाही. पूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हते असा खडकाळ हाडोळा अशा वेळी एकाएकी सोन्याचा होतो. मग कुलमुखत्यारपत्र घेऊन कुणीतरी दारात उभे राहते. चुलत्यांपैकी एक सही करतो, उरलेल्यांना वर्षांनी कळते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने अशा सह्यांच्या बदल्यात एक मोटारसायकल आणि काही रोख घेतले. आज त्यांचा मुलगा त्याच जमिनीवरच्या संकुलात पहारेकरी आहे. गावाचे आणि संकुलाचे नाव मी लिहीत नाही. कुटुंबाला आधीच पुरेसे बोलून घ्यावे लागले आहे.

लोकसंख्येकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार होती. पंधरा वर्षांपूर्वीचा हा आकडा आज वाचताना जुना फोटो पाहिल्यासारखे वाटते, कारण तेव्हा जिथे भाताचा पेंढा रचलेला असे तिथे आता वीस-वीस मजले आहेत. जनगणनेच्या व्याख्येनुसार पाच हजारांहून अधिक वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे लोक आणि कमावत्या पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेरचे असले की ग्रामपंचायत असूनही गाव नगरात मोजले जाते. म्हणून गाव की शहर, हा प्रश्न पाटीवर काय लिहिले आहे यावर सुटत नाही.

पण मोजणीत कोण येते? बालवाडीपासून आपल्या वसतिगृहात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने, त्याचे आईवडील मराठवाड्यातून इमारतींच्या कामावर आलेले, ‘लोकसंख्या’ या मथळ्याखाली आकडा न लिहिता एका बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या मोजून आणल्या. किती खोल्या, प्रत्येकीत किती माणसे, कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या राज्यातून, किती मुले शाळेबाहेर. शेवटी त्याने लिहिले होते, ‘काम संपल्यावर हे लोक इथे राहणार नाहीत.’ निवासी उपनगर म्हणतात ते हेच : जे बांधतात त्यांचा तिथे निवास नसतो. मी त्या वहीला पैकीच्या पैकी गुण दिले, शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल शाईने दाखवून.

धर्माच्या रकान्याचीही एक कथा आहे. १९५१ साली महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत बौद्धांची नोंद काही हजारच होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ ला ती सुमारे २७ लाख ८९ हजारांवर गेली. २०११ ला राज्यात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले, म्हणजे देशातील बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक. तरीही प्रगणक दारात येतो तेव्हा घरातील थोरले म्हणतात, ‘लिहा काय लिहायचे ते,’ आणि तो सवयीने दुसरेच काही लिहितो. बौद्ध लिहिले तर सवलती जातील ही भीती काही घरांत अजून आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीयांना अनुसूचित जातींच्या यादीतील हक्क देशभर मिळाले, ती भीती ठेवण्याचे कारण नाही. आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि यावेळी जातीचीही नोंद होणार आहे. दोन रकाने वेगळे आहेत. धर्माच्या रकान्यात बौद्ध, अनुसूचित जातीच्या रकान्यात दाखल्यावरची जात. प्रगणकाने काय लिहिले ते उठण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगावे. घरात शिकणारी मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे द्यावे.

या दिवाळीच्या सुट्टीत नववीचा वर्ग आपापल्या गावी जाताना एक काम घेऊन जाणार आहे. तलाठी कार्यालयात आपल्या कुटुंबाचा सातबारा आणि आठ-अ मागायचा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे आढळले तर गाव नमुना १-क मध्ये ती जमीन कोणत्या अटीवर आहे ते पाहायचे. ‘इनाम वर्ग ६-ब’ असा जुना शेरा सापडला तर मागचे फेरफार क्रमांक उतरवून घ्यायचे आणि त्यांच्या नकलांसाठी अर्ज करायचा. अर्जाची पोच घ्यायला विसरायचे नाही. गेल्या वर्षी एका मुलीने अशी नक्कल आणली. तिच्यात तिच्या पणजोबांचे नाव होते आणि नावापुढे अंगठा. त्या कागदाची छायाप्रत आता इतिहासाच्या कपाटात, कार्ल्याच्या शिलालेखाच्या छायाचित्राशेजारी लावली आहे.