वाचनालय हातात आले, पुढे काय?



आपल्या पूर्वजांना पाणवठ्याप्रमाणेच पोथीपासूनही दूर ठेवले गेले. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून, हे आपण विसरता कामा नये.

महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ साली काढला. परंतु खंड छापला जाणे आणि तो कणकवली तालुक्यातील एखाद्या बौद्धवाडीत पोहोचणे यांत फार अंतर होते. पुढे छपाईच रेंगाळली. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आज इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. कपाटाची किल्ली कोणाकडे, हा प्रश्नच उरला नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

मग विहारातील वाचनालयाचे काम संपले काय? मला तसे वाटत नाही. त्याच मोबाईलवर बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली रोज एक वाक्य येते. ते कोणत्या भाषणातले? तारीख नसते, खंड नसतो. आपण 'जय भीम' लिहून पुढे पाठवतो. मीही पाठवले आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. मग मोबाईलवर आले एवढ्यावरून आपण कसे स्वीकारतो?

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मुलांना असेच एक वाक्य शोधायला द्या. मराठी भाषणे अठराव्या खंडात आहेत. त्याचे तीन भाग कालक्रमाने लावलेले असून १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण तिसऱ्या भागात आहे. संगणकीय प्रतीत शब्द टाकून शोधता येतो. मात्र पाने नुसती स्कॅन केलेली असतील तर ती अक्षरांची चित्रे असतात. शब्द सापडला नाही म्हणजे तो ग्रंथात नाही, असे समजू नये. अनुक्रमणिकेवरून भाषण काढावे आणि त्या वाक्याच्या मागचा-पुढचा मजकूर मोठ्याने वाचावा, म्हणजे ज्या आजीला शाळा मिळाली नाही तिलाही ऐकता येईल. वाक्य मिळाले तर खंड व पृष्ठ घालून वहीत उतरवावे. न मिळाल्यास तसेही लिहावे, आणि ते वाक्य पुढे पाठवू नये. वही विहाराच्या कपाटात, खंडांच्या शेजारी ठेवावी.