दोन शिक्षकांची शाळा आणि कृतिसंशोधन

प्रश्न : आमची पाथर्डी तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. तिसरीची मुलं हातच्याच्या वजाबाकीत अडतात. कृतिसंशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, वह्यांपासून करा. ६२ – ३८ चं उत्तर ३६ लिहिणारं मूल दोन्ही घरांत मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. ३४ लिहिणाऱ्याने दशक मोडला, पण तो कमी करायचा राहिला. दोघांचं उत्तर चूक, पण दुखणं वेगळं. प्रत्येकाला ‘कसं केलंस?’ विचारा आणि ते त्याच्याच शब्दांत टिपा. संशोधनाचा खरा ऐवज हाच; नवोपक्रम स्पर्धेचा अहवाल नंतर लिहिता येईल.

मग ३६ लिहिणाऱ्या पहिल्या गटाला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवायला द्या. त्या तासाला दुसऱ्या वर्गाला लेखनकाम देऊन सहकाऱ्यांना मागे बसवा. त्यांनी तुमचं शिकवणं तपासायचं नाही, फक्त मुलांचे हात पाहायचे : गठ्ठा कोण सोडतं, कोण शेजाऱ्याचं बघतं. शिकवताना हे आपल्याला दिसत नाही.

स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये अमेरिकी शिक्षकांसाठी कृतिसंशोधनाच्या याच पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यांचाही भर शिक्षकांनी मिळून शोध घेण्यावर होता. तुम्हाला केंद्राची शिक्षण परिषद आहेच. तिथे भाषण नको, चार वह्या मांडा. आराखड्यासाठी संगमनेरच्या ‘डाएट’ला विचारा.

आणि हे पहिल्या सत्रातच उरका. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघाली की नंतरच्या चाचणीला तीच मुलं समोर नसतील.