डेबनहॅम्सचे दुकान कशाने बुडाले?

ब्रिटनमधील डेबनहॅम्स या डिपार्टमेंटल स्टोअरच्या उरल्यासुरल्या शाखा १५ मे २०२१ रोजी कायमच्या बंद झाल्या. १७७८ साली लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर कापडाचे एक दुकान निघाले, १८१३ साली विल्यम डेबनहॅम त्यात भागीदार झाला आणि पुढे त्याचेच नाव दुकानाला लागले. २४३ वर्षांचा हा धंदा संपला तेव्हा सुमारे १२ हजार लोकांच्या नोकऱ्या पणाला लागल्या होत्या.

लग्नाचा आहेर, मुलांचे कपडे, पडदे, भांडी, अत्तरे सगळे एकाच इमारतीत मिळायचे, आणि पाय दुखले तर तेथेच बसून चहा घेता यायचा. डिसेंबर २०२० मध्ये दुकान गुंडाळण्याची घोषणा होताच दारांसमोर रांगा लागल्या, हळहळ व्यक्त झाली. त्या रांगेतील किती जण टाळेबंदीच्या आधी तेथे खरेदीला जात होते, असे एखाद्या दुकानदाराने विचारले तर त्याला दोष देता येणार नाही.

घरबसल्या खरेदीची सवय आणि कोरोना, ही या मरणाची नेहमी सांगितली जाणारी कारणे. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. हिशेबाच्या वह्या थोड्या मागे चाळल्या पाहिजेत.

२००३ साली तीन गुंतवणूक कंपन्यांनी मिळून डेबनहॅम्स विकत घेतले. त्यांनी स्वतःचे सुमारे ६० कोटी पौंड घातले, बाकी रक्कम कर्जाची. अडीच-तीन वर्षांत त्यांनी सुमारे १२० कोटी पौंड लाभांश म्हणून काढून घेतले. २००६ साली कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली तेव्हा तिच्या डोक्यावर १०० कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते. घालणाऱ्याचे दुप्पट झाले. व्याज मात्र दुकानाच्या गल्ल्यातून जात राहिले.

याच काळात, २००५ साली, स्वतःच्या मालकीची २३ दुकाने ४९.५ कोटी पौंडांना विकून तीच पुन्हा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेण्यात आली. भाडे दरवर्षी अडीच टक्क्यांनी वाढेल असा करार होता. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण आज १०० रुपये असलेले भाडे या दराने १० वर्षांत १२८, २० वर्षांत १६४ आणि २८ वर्षांत जवळपास २०० होते. विक्री वाढो वा घटो, हा आकडा थांबत नाही. गाळा स्वतःचा असेल तर मंदीचे एखादे वर्ष पोट आवळून काढता येते. भाड्याच्या जागेत, तेही वाढत्या भाड्याच्या, तशी सवलत नसते. गिऱ्हाईक इंटरनेटकडे वळू लागले तेव्हा मोठ्या, जुन्या इमारती सोडायच्या म्हटले तरी करार सुटत नव्हते. नवे काही उभारावे तर पैसा व्याजात अडकलेला.

आणखी एक सवय दुकानानेच लावली. ‘ब्लू क्रॉस सेल’ आणि त्यासारख्या सवलती इतक्या वारंवार लागू लागल्या की पूर्ण किमतीत माल घेणे गिऱ्हाइकाला वेडेपणाचे वाटू लागले. सेलची वाट पाहणारे गिऱ्हाईक एरवी दारावरून पुढे जाते. आपल्या बाजारपेठांतही बारमाही ‘स्टॉक क्लिअरन्स’चे फलक दिसतात, ते लावणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

एप्रिल २०१९ मध्ये कंपनी देणेकऱ्यांच्या हाती गेली, एप्रिल २०२० मध्ये पुन्हा प्रशासकाकडे. जानेवारी २०२१ मध्ये बूहू या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने डेबनहॅम्सचे नाव आणि संकेतस्थळ ५.५ कोटी पौंडांना घेतले. दुकाने घेतली नाहीत, त्यांतील माणसेही नाहीत. मार्च २०२५ मध्ये बूहूने स्वतःचे नाव बदलून डेबनहॅम्स ग्रुप केले.