ऑइल सील : लहान कडी, मोठे काम



आपल्या तळेगावात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतावर जाणे, दूध पोचविणे, आजाऱ्यास आर्वीस नेणे ही कामे तिच्यावरच चालतात. अशा गाडीखाली सकाळी तेलाचा काळा डाग दिसला, तर "थोडेच तर गळते" असे म्हणून तो पुसून टाकू नये. तेल कमी होत गेले म्हणजे सत्याग्रही घाटाच्या चढावर इंजिन तापते, आतील भाग घासतात आणि अखेर ते जाम होते. स्वल्प किमतीच्या कडीपायी सारे इंजिन गमवावे लागते.

ही कडी म्हणजे ऑइल सील. फिरता दांडा इंजिनाच्या पेटीतून जेथे बाहेर येतो, तेथे ती बसविलेली असते. तिचा रबरी ओठ बारीक स्प्रिंगच्या दाबाने दांड्यास टेकलेला असतो. कृत्रिम रबर येण्यापूर्वी अशा कड्या चामड्याच्या करीत.

प्रथम गळती कोठून आहे ते शोधावे. थंड इंजिन रॉकेलने पुसून कोरडे करावे, वर पावडर भुरभुरावी आणि थोडे अंतर गाडी चालवून पाहावे. पुढील स्प्रॉकेटमागे पावडर ओली झाली, तर तेथील सील बहुधा निकामी झाले असे समजावे.

काम वडीलधाऱ्यांसमक्ष, इंजिन बंद व थंड असतानाच करावे. तेल भांड्यात काढावे; चेन व स्प्रॉकेट उतरवावे. जुने सील किती खोल बसले आहे ते पाहून ठेवावे. मग दांड्यास ओरखडा न पडेल अशा बेताने ते पेचकसाने उचकटावे. सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी मिलिमीटरांत छापलेली असते. त्याच मापाचे नवे आणावे. दांड्यावरील खाचांनी ओठ चिरू नये म्हणून तेथे पातळ प्लास्टिक गुंडाळावे. ओठास तेल लावून स्प्रिंगची बाजू आत ठेवावी व बाहेरील कडेच्या मापाच्या नळीने सील सरळ, हलके ठोकून पूर्वीइतकेच बसवावे. शेवटी नवे तेल भरून गाडी सरळ उभी करून पातळी पाहावी. काही गाड्यांत मात्र सीलसाठी इंजिनाची पेटीच उघडावी लागते. तेव्हा काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवावे.

येथे काम संपले असे मानू नये. सील का बिघडले? चेन फार ताणलेली असल्यास बेअरिंग झिजते, दांडा डुलतो व ओठ फाटतो. इंजिनाची श्वासनळी तुंबल्यास आतील दाब तेलास बाहेर ढकलतो. दांड्यावर नख अडकेल अशी खाच पडली असल्यास नवे सीलही गळेल. कारण तसेच राहिले, तर आठ दिवसांत पुन्हा तोच डाग दिसेल.

पालकांस एवढीच विनंती, की काढलेले तेल नाल्यात वा बांधावर ओतू नये. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. आणि पुढच्या वेळी पाना मुलाच्या अथवा मुलीच्या हाती देऊन आपण शेजारी बसावे.